तिसरी रोवळी

माझ्या बायकोला माझं जवळजवळ सगळं ठाऊक आहे. मी कुणाचा हेवा केला, कुणाशी गोड बोलून पाठीमागे वाईट बोललो, कुठल्या भाच्याच्या लग्नाला मुद्दाम अक्षता पडून गेल्यावर पोचलो — भांडण निघालं की ती एकेक बाहेर काढते. पण हे तिच्याकडे नाही. हे कुणाकडेच नाही. आज तुमच्यासमोर काढून ठेवतो आहे. तुम्हीच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. धीट माणसानं ज्याला सांगायचं त्याला वेळेवर सांगितलं असतं. मी धीट नाही.

बाहेरून पाहिलं तर काय झालं? एक वस्तू एका जागेवरून उचलली आणि शेजारी ठेवली. हातभर अंतरावर. चोरी नाही, मारहाण नाही. दारातून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, गुरुजी टेबल आवरतायत.

आवरत नव्हतो.

रत्नागिरी शहराबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जांभ्या दगडाच्या एका लांबट इमारतीत आमची कार्यशाळा होती. अजून आहे. ज्यांच्या बुद्धीची वाढ जन्मापासूनच कमी पडली, ज्यांना शिकणं जड जातं, अशा मोठ्या माणसांची कार्यशाळा. वय झालं म्हणून शाळेतून बाहेर पडलेली आणि घरात बसून बसून कोपऱ्यातली झालेली माणसं आमच्याकडे यायची. आम्ही त्यांना 'मुलं' म्हणायचो. कुणाचे केस पिकलेले, कुणाचे गुडघे धरलेले — तरी मुलंच. मी तिथला शिल्पनिदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा. काथ्याची पायपुसणी, कागदी पिशव्या, आणि आंब्याच्या दिवसांत बागायतदारांच्या खोक्यांत पेंढा भरून द्यायचं काम. पुढे सगळी कार्यशाळाच माझ्या अंगावर आली. सगळे मला गुरुजी म्हणायचे. मुलं 'गुरजी' म्हणायची. मला ते आवडायचं. किती आवडायचं, ते या सगळ्यात महत्त्वाचं आहे — म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दरवर्षी आमच्याकडे मूल्यमापन व्हायचं. म्हणजे कोण काय शिकला, कुणाला काय येतं, पुढच्या वर्षी कुणाला काय शिकवायचं, हे ठरवायचं. ते मी ठरवायचो. एकेकाला समोर उभं करायचं, शर्टाची बटणं लावायला सांगायची, दोरीची गाठ मारायला सांगायची, आणि 'येतं' किंवा 'येत नाही' असं लिहून टाकायचं. समोरच्याला मी काय लिहिलं ते कळायचं नाही. कळायची गरज आहे असं वाटलंही नाही कधी. डॉक्टर रोग्याला विचारून ताप मोजतो का? — असं मी एकदा म्हणालो होतो. माझं मलाच ते फार हुशारीचं वाटलं होतं.

मग अनघा मॅडम आल्या. चिपळूणच्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, खास अशा माणसांना शिकवायचंच शिक्षण घेतलेल्या. पहिल्याच वर्षी मी घेत असलेलं मूल्यमापन बघत बसल्या आणि संपल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, ज्याचं आहे त्याला एकदा विचारायचं का?"

"त्याला काय कळणार, मॅडम?"

"ते विचारल्यावर कळेल."

त्यांनी बुरुडाकडून रोवळ्या आणल्या. तांदूळ धुवायच्या असतात त्याच, बांबूच्या. प्रत्येकाच्या पुढे टेबलावर तीन मांडायच्या. पहिली — माझं मला येतं. दुसरी — कुणी सोबत असलं तर येतं. तिसरी — अजून येत नाही. आणि बाजूला वस्तूंचा ढीग. कंगवा म्हणजे स्वतःचं आवरणं, झाडणी म्हणजे केर काढणं, एसटीचं तिकीट म्हणजे गाडीनं येणंजाणं, असं. ज्याचं त्यानं एकेक वस्तू उचलायची, करून दाखवायची असेल तर दाखवायची, आणि आपल्या मनानं रोवळीत ठेवायची. दुपारी घरची माणसं यायची. त्यांच्यासमोर पुन्हा त्यानंच एकेक वस्तू वर धरून सांगायचं. नियम एकच. ज्याची रोवळी त्याचाच हात. बाकी कुणी काही हलवायचं नाही. आपल्याला पटलं नाही तर तोंडानं सांगायचं. त्याला वाटलं तर तो बदलेल, नाही वाटलं तर राहील.

पहिल्या वर्षी गंगारामनं झाडणी तिसऱ्या रोवळीत टाकली. अजून येत नाही! सगळ्या कार्यशाळेत त्याच्यासारखा केर कुणी काढत नसे. मी म्हणालो, "अरे लबाडा!" तो मान खाली घालून गालात हसत राहिला. मॅडमही हसल्या, पण म्हणाल्या, "राहू दे. त्याचं म्हणणं आहे ना?" आणि वर्षभर गंगारामला कुणी केर काढायला लावला नाही. पठ्ठ्या ओटीवर बसून दुसऱ्यांना सूचना द्यायचा — "थितं ऱ्हायला बग, थितं!" मला गंमत वाटली. थोडा रागही आला. पण नियम किती पक्का आहे ते तेव्हा कळलं. हेही महत्त्वाचं आहे. कारण पुढे मी तोच वापरला.

आता वनिता.

वनिता लांज्याकडच्या एका वाडीतली. आईबाप गेलेले, भाऊ मुंबईला, घरी वहिनी. तिशी ओलांडलेली, अंगानं बारीक, बोलणं मोजकं. चार माणसं जमली की शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊन परत जायचे. एकटी असली की मात्र छान बोलायची — जरा तुटक, पण नेमकं. सोमवारी यायची, शनिवारी घरी जायची, मधल्या दिवसांत आमच्याच वसतिगृहात.

संध्याकाळचा चहा आमच्याकडे मुलं पाळीपाळीनं करत. वनिताला बाकी सगळं यायचं — पाणी मोजणं, गाळणं, कपात ओतणं. गॅस पेटवता यायचा नाही. काडी ओढायला घाबरायची. मी तिला शिकवायला घेतलं. दोन पावसाळे शिकवलं. पाठीमागे उभा राहायचो, तिचं मनगट धरायचो, आणि तिच्या हातानं मीच काडी ओढायचो. काडी मोडायची, नाहीतर पेटून विझायची. मी म्हणायचो, "घाबरू नकोस, मी आहे ना." ती जास्तच आखडायची.

मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी महिनाभर घरी बसलो. परत आलो त्या दिवशी वनितानं मला चहा करून दिला. काडी स्वतः ओढली, बर्नरला लावली, उरलेली फुंकून बशीत टाकली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की मॅडमनी काही केलंच नव्हतं. काडेपेटी तिच्या हातात दिली आणि त्या बाहेर ओटीवर जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी खूप काड्या मोडल्या म्हणे. पण पेटली.

मी काय म्हणालो असेन? "वा वा" म्हणालो. आणि कप खाली ठेवताना म्हणालो, "साखर जरा जास्त झालीय."

साखर बरोबर होती.

त्याच वर्षी थंडीत वनिताची मावशी कार्यशाळेत आली. हातखंब्याला, हायवेच्या कडेला तिची खानावळ होती. ट्रकवाले, गोव्याला जाणारे, सगळे थांबायचे. मावशी दणकट बाई, आवाज असा की सड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल. म्हणाली, "गुरजी, हिला मी नेते. माज्यापाशी ऱ्हाईल, माज्या हाताखाली काम करील. भाकऱ्या मी थापीन. पन मी सकाळची मासळी आनायला रत्नांग्रीत येते, तवा मागं चहाचं आधन कोनीतरी ठेवायला हवं. येवडं हिला येतं का सांगा. येत आसंल तर पोरगीचं भलं व्हईल. तिकडं वहिनीच्या दारात काय हाय तिला?"

मूल्यमापन जवळ आलं होतं. ठरलं असं की त्या दुपारी मावशीनं यायचं, वहिनीनंही यायचं, आणि वनितानं आपल्या रोवळ्या दाखवायच्या. भावानं फोनवर सांगितलं होतं, कार्यशाळेत ठरेल तसं. म्हणजे वनिता हातखंब्याला जाणार की नाही, ते त्या टेबलावर ठरणार होतं. वनिताला हे पक्कं माहीत होतं. रोज मला विचारायची, "गुरजी, मावशी कवा येनार?" बाकीच्यांना सांगत सुटली होती की माझ्या मावशीच्या हाटेलात पंखा आहे, वर फिरतो तो नाही, भिंतीवरचा.

त्या सकाळी मॅडम दुसऱ्या टेबलावर होत्या. वनिताजवळ मी बसलो होतो. तिनं कंगवा पहिल्या रोवळीत ठेवला. गाळणी पहिलीत. पेंढ्याची जुडी पहिलीत. एसटीचं तिकीट हातात घेऊन बराच वेळ बसली आणि दुसरीत ठेवलं — सोबत कुणी असलं तर. घड्याळ तिसरीत, विचारसुद्धा न करता. मग काडेपेटी उचलली. माझ्याकडे पाठ केली — वारा लागू नये म्हणून — आणि काडी ओढली. पेटली. ती धरून राहिली, बोटांजवळ येईपर्यंत. मग फुंकली. आणि काडेपेटी पहिल्या रोवळीत ठेवली. ठेवली म्हणजे कशी — दाबून बसवली, गाळणीच्या शेजारी, हलू नये अशी.

एवढ्यात मॅडम फिरत फिरत आमच्याकडे आल्या — पेटलेली काडी त्यांनी लांबून पाहिली होती, पण दुपारपर्यंत कुणाच्या रोवळीत त्या मुद्दामच डोकावत नसत — आणि श्रेय मला मिळावं म्हणून की काय, म्हणाल्या, "अरे वा! हे कुणी शिकवलं, वनिता? गुरुजींनी?"

वनिता म्हणाली, "नाय. गुरजी हात धरतात. मग विझते. गुरजी नव्हते, तवा पेटली."

मॅडम खळखळून हसल्या. शेजारच्या टेबलावरचा गंगारामही हसला. "गुरजी नव्हते तवा पेटली!" असं मोठ्यानं म्हणाला, मग आणखी कुणीतरी म्हणालं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वनिताच्या तर नव्हतंच. विचारलेल्या प्रश्नाचं तिनं उत्तर दिलं होतं, आणि खरं दिलं होतं.

मीही हसलो.

दुपारी सगळे ओटीवर जेवायला बसले. मी चष्मा विसरलो म्हणून आत आलो. खोलीत कुणी नव्हतं. टेबलांवर रोवळ्या मांडलेल्या. मी वनिताच्या टेबलापाशी गेलो, पहिल्या रोवळीतली काडेपेटी उचलली आणि तिसऱ्या रोवळीत, घड्याळाच्या शेजारी ठेवली.

आपल्याकडे म्हणायची एक सोय आहे — हातून घडलं. माझ्या हातून घडलं नाही. मी केलं. काडेपेटी पहिल्या रोवळीत नीट दाबून बसवलेली होती, ती काढताना गाळणी कलंडली. मी गाळणी सरळ केली. इतकं भान मला होतं.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की उत्तरं पाठ झालीत. एक उत्तर — मला जबाबदारीची भीती वाटली. हायवेच्या कडेची खानावळ, गॅस, ट्रकची वर्दळ, उद्या काही झालं तर लोक कार्यशाळेला विचारतील. हे उत्तर मी बरीच वर्षं वापरलं. चांगलं आहे. कुणालाही पटेल. दुसरं उत्तर जरा कमी चांगलं — आंब्याचा हंगाम तोंडावर आला होता, मी बागायतदाराला शब्द दिला होता, आणि खोक्यांत पेंढा भरायला वनितासारखा हात दुसरा नव्हता. तेही खरं आहे, थोडंसं.

पण खरं विचाराल तर मला राग आला होता. एका भोळ्या बाईनं चार लोकांत माझी गुरुजीपणाची झूल उतरवली — आणि तीही न कळता. ती गेली असती तर हातखंब्याला सगळ्यांना सांगत बसली असती, गुरजी नव्हते तवा पेटली. याचा राग. दुसरं काही नाही. काडेपेटीएवढा राग. पण त्या वस्तूचं काम पेटवायचंच असतं.

तरीही — तरीही इथपर्यंत सगळं सुधारता येण्यासारखं होतं. पुढचं ऐका.

दुपारी मावशी आली, काठपदराचं लुगडं नेसून. वहिनी आली. दोघींचं आल्या आल्याच जुंपलं.

"आमच्या घरी ही कदी चुलीपाशी गेली नाय हो," वहिनी म्हणाली. "मना तर भ्या वाटतं."

"तू जाऊ दिलंस तर जाईल! तुजी चूल म्हंजे देव्हारा. सोवळं नेसून शिवायची!"

मॅडमनी दोघींना गप्प केलं आणि वनिताला पुढे बोलावलं. तिनं केसांना तेल लावलं होतं, गजरा माळला होता. एकेक वस्तू उचलून सांगायला लागली. कंगवा — "माजं मना येतं." पेंढा — "माजं मना येतं." गाळणी. मग तिचा हात पहिल्या रोवळीत काहीतरी शोधत राहिला. गाळणीच्या खाली, बाजूला. तिथे काही नव्हतं. तिनं दुसरी रोवळी पाहिली. मग तिसरी पाहिली. काडेपेटी घड्याळाच्या शेजारी होती.

ती थांबली. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तुम्हाला सांगितलंच आहे, चार लोकांत तिचे शब्द आत जायचे. तिनं मॅडमकडे पाहिलं. मावशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे — सकाळी मीच होतो ना तिच्याजवळ. मलाच ठाऊक असणार.

मी म्हणालो, "अगं, तूच ठेवलीस ना सकाळी तिथं? विसरलीस?"

हे ते. हे सांगायला मी इतका वेळ घेतला. काडेपेटी हलवली ते नाही — हे.

तिच्या कपाळावर एक आठी आली. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती, हे दिसत होतं. आयुष्यभर तिला लोकांनी सांगितलं होतं की तुझ्या लक्षात राहत नाही, तुझ्या डोक्यात गोंधळ होतो. आणि आता गुरुजी सांगत होते. मग आठी गेली.

"हां," ती म्हणाली. "मीच ठेवली."

मॅडम पुढे झाल्या. "पण वनिता, तुला तर येतं काडी लावायला. रोज लावतेस —"

आणि मी म्हणालो — किती शांतपणे म्हणालो ते अजून कानात आहे — "मॅडम, आपलाच नियम आहे. ज्याची रोवळी त्याचाच हात. गंगारामची झाडणी आपण मान्य केली ना? मग हिचं म्हणणं आपण का बदलायचं?"

त्या नियमावर मॅडमइतका विश्वास कुणाचाच नव्हता. त्यांनी वनिताजवळ जाऊन हळू विचारलं, "तुला भीती वाटते का गं? मावशीकडे जायची?"

वनितानं माझ्याकडे पाहिलं. "हां," म्हणाली.

मावशी उठली. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या वेळी हळू बोलली. "ऱ्हाऊ दे गो बाय. तुज्या मनात नाय तर नको. पुढल्या वर्षाला बगू." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. वनिता खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग रोवळ्यांतल्या वस्तू काढून ढिगात ठेवायला लागली. ते कामही ज्याचं त्यानंच करायचं असे.

संध्याकाळी मॅडमनी मला ओटीवर गाठलं. "गुरुजी, हे असं कसं झालं?" मी म्हणालो, "यांचं असंच असतं, मॅडम. चार पावलं पुढे जातात, दोन मागे येतात." त्यांनी मान हलवली. माझ्या अनुभवाचा त्या मान ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी चहाची पाळी वनिताची होती. गॅसपाशी मी उभा होतो. तिनं काडेपेटी उचलली, थोडी थांबली, आणि माझ्यापुढे धरली. "गुरजी, तुमी हात धरा."

मी धरला. मनगट तसंच, बारीक. काडी ओढली, पेटली, लावली. आणि मला — हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय — मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षीही रोवळ्या मांडल्या. वनिता वस्तू उचलायची, रोवळ्यांवर अधांतरी धरायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायची. कंगवासुद्धा. पहिलीवर हात नेऊन बघायची, दुसरीवर नेऊन बघायची. माझ्या भुवया जिथे सैल पडतील तिथे ठेवायची. मी मान वळवली की मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायची. मॅडमनी नाना प्रकारे प्रयत्न केले. तिला एकटीला खोलीत बसवलं, आम्ही सगळे बाहेर. तासाभरानं आत गेलो तर सगळ्या वस्तू टेबलावर तशाच, आणि ती हात मांडीवर ठेवून वाट बघत बसलेली. काडी ओढणं गेलं याचं एवढं नाही. काडी काय, पुन्हा शिकता आली असती. जिथून 'माझं मला येतं' म्हणायचं, ती आतली जागाच मी बुजवली होती.

मावशी पुढच्या वर्षी आली, त्याच्या पुढच्या वर्षी आली. दर वेळी वनिता माझ्याकडे बघून "भ्या वाटतं" म्हणाली. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी चहा मागवला. मग हायवे रुंद करायचं काम निघालं, हातखंब्याची कडेची दुकानं उठली, त्यात खानावळही गेली. मावशी मुलाकडे डोंबिवलीला गेली. झालं. अनघा मॅडम लग्न होऊन पुण्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "गुरुजी, सगळ्यांचं जमलं, वनिताचं मात्र मला जमलं नाही. कुठे चुकलं कळत नाही." मी त्यांना आंब्याची पेटी दिली.

मी निवृत्त झालो त्यालाही आता बरेच दिवस झाले. या वर्षी आंबा उतरायला लागला त्या दिवसांत कार्यशाळेतून निमंत्रण आलं. नवीन लोक आहेत, उत्साही आहेत. रोवळ्यांची पद्धत अजून चालू आहे, दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक ती बघायला येतात. मला शाल दिली, नारळ दिला. एक तरुण शिक्षक बोलला की अपंग व्यक्तीला तिच्या स्वतःच्या मूल्यमापनात मत असावं, हा विचार गुरुजींच्या काळात इथे रुजला. टाळ्या झाल्या. मी शाल घेतली. अंगावरून काढून ठेवायचीही हिंमत झाली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या शेडमध्ये गेलो. वनिता तिथे खोक्यांत पेंढा भरत होती. आता पंचेचाळीसच्या पुढची असेल. कानाजवळचे केस पांढरे झालेत. मला बघून हसली. "गुरजी, बसू की उबी ऱ्हाऊ?" असं विचारलं. मी म्हणालो, बस.

मग मी सांगितलं. सोपं करून, हळूहळू, तिच्या पद्धतीनं. त्या दिवशी सकाळी तू काडी पेटवलीस. काडेपेटी तू पहिल्या रोवळीत ठेवलीस. तू जेवायला गेलीस तेव्हा मी ती उचलून तिसरीत ठेवली. मी खोटं बोललो. तू विसरली नव्हतीस. तुझं बरोबर होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातला पेंढा खाली ठेवला नाही. शेडच्या पत्र्यावर कावळे नाचत होते.

"नाय गुरजी," ती म्हणाली. "तिसरीत मीच ठेवली हुती."

मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली.

"नाय. मीच ठेवली हुती. मना म्हाईत हाय."

या वेळी तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, एक गोष्ट तिनं कुणालाही न विचारता, ठाम सांगितली. आणि दुसरा खोका पुढे ओढून त्यात पेंढा पसरायला लागली.